कळमन्यातून बघितलं तर एफटीए

ऑस्ट्रेलियासोबतच्या मुक्त व्यापार करारात, म्हणजे एफटीएत, संत्र्याचं नाव आहे हे नागपुरात फार लोकांना माहीत नाही. वर्षाला १३,७०० टनांपर्यंत त्यांची संत्री अर्ध्या ड्यूटीत येऊ शकते, त्याच्यावर गेली की पूर्ण ड्यूटी, कापसाचंही तसंच, ५१,००० टन बिनड्यूटी. कळमन्याच्या बाजारात कोणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, भाऊ, आधी आजचा भाव काय निघाला ते सांगा. पण टनात मोजून सवलत देणारा हा भारत असा कसा झाला ते बघण्यासारखं आहे.

खुला व्यापार तसा आपल्या भागाला नवीन नाही. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, वऱ्हाडचा कापूस गाड्या भरभरून मुंबईकडे आणि तिथून विलायतेला निघाला, १८७७ ला टाटांनी इथेच एम्प्रेस मिल काढली, आणि पाच वर्षांत इंग्रज सरकारनं विलायती कापडावरची ड्यूटीच काढून टाकली. पुढे तिजोरीत खडखडाट झाला म्हणून ड्यूटी परत लावली, तर मँचेस्टरचे गिरणीवाले नाराज व्हायला नको म्हणून १८९६ ला इथल्या मिलच्या कापडावर साडेतीन टक्के एक्साइज, म्हणजे उत्पादनावरचा कर! स्वातंत्र्यानंतर आपण दारं लावून बसलो त्यामागे हे जुनं दुखणं होतंच. मग नंतर कड्या गंजल्या ते वेगळं.

१९९१ ला त्या निघाल्या. तेव्हा जास्तीत जास्त ड्यूटी १५० टक्क्यांवर आणली होती, २००७ पर्यंत शेतमाल सोडून बाकी बहुतेक मालावर ती १० वर आली. डब्ल्यूटीओमध्ये, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, सगळ्यांचं एकत्र ठरेल अशी आशा होती पण २००८ ला जिनिव्हात बोलणी फिसकटली, गरीब देशांच्या शेतकऱ्यांना किती संरक्षण द्यायचं यावरून. मग जो तो आपापल्या जोड्या जमवायला लागला.

आपण सुरुवात त्याआधीच केली होती, १९९८ ला श्रीलंकेसोबत. मग सिंगापूर, मग १ जानेवारी २०१० ला एकाच दिवशी कोरिया आणि आसियान (आग्नेय आशियातल्या देशांचा गट) दोन्ही करार लागू, २०११ ला जपान आणि मलेशिया. माझ्या मते यात हिशोबापेक्षा परराष्ट्र धोरण जास्त होतं, पूर्वेकडे मैत्री वाढवायची होती, आणि बारीक अक्षरातलं कोणी फारसं वाचलं नाही. इतवारीच्या सराफ्यातल्या जुन्या लोकांना २०१७ आठवत असेल. जीएसटी आला, आयात सोन्यावरचे ड्यूटीशिवायचे जुने कर त्यात गेले, आणि एकदम कोरियातून सोन्याची नाणी यायला लागली, कारण बाकीच्यांना १० टक्के ड्यूटी आणि करारामुळे कोरियाला शून्य. आता कोरियात कुठे सोन्याच्या खाणी आहेत राजेहो? ऑगस्टमध्ये सरकारला त्यावर बंधन घालावं लागलं. श्रीलंकेमार्गे व्हिएतनामची मिरी येते ही केरळवाल्यांची तक्रार तर त्याच्याही आधीची. शेवटी २०२० ला नियम केला की माल खरंच त्या देशात बनला का, याची माहिती आयात करणाऱ्यानं स्वतः ठेवायची.

तोवर आरसेप, म्हणजे आसियान, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया वगैरेंचा एकत्र व्यापार करार, होऊन गेलं होतं. सात वर्षं बोलणी करून ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत उठून आला. चीनसोबतची तूट ५० अब्ज डॉलरच्या वर, त्यात न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती. आता भारत कोणाशीच करार करणार नाही असं वाटून राहिलं होतं, आणि झालं उलटं, २०२२ मध्ये यूएई आणि ऑस्ट्रेलिया, २०२४ ला स्विस-नॉर्वेवाल्या एफ्टाकडून १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीची बोली, जुलै २०२५ ला ब्रिटनसोबत सही. ऑस्ट्रेलिया आरसेपमधलाच, पण समोर एकटा बसला की दूध बाहेर ठेवता येतं, संत्री टनात मोजता येते. शिवाय त्यांचा हंगाम आपल्या उन्हाळा-पावसाळ्यात, आपली आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास, म्हणून टक्कर कमीच.

आपल्या संत्र्याला मार बसला तो दुसरीकडूनच. बांगलादेश हे वरूड-मोर्शीच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक, साफ्टाखाली (दक्षिण आशियातल्या देशांचा व्यापार करार) आपण २०११ पासून त्यांच्या जवळपास सगळ्या मालाची ड्यूटी माफ केली, आणि त्यांनी आपल्या संत्र्यावरची वाढवत वाढवत किलोला ८८ टका (त्यांचं चलन) केली. शेवटी २०२३ ला राज्य सरकारनं निर्यातीला अनुदान जाहीर केलं.