नाक चोंदलंय की झोप मोडतेय?

‘सकाळी उठल्यावर थकवा वाटतो का?’ पेशंट लगेच ४ लिहितो. रात्री मध्येच जाग येते? ५. कामात लक्ष लागत नाही? ४. शेवटी बेरीज मोठी येते आणि सायनस फारच बिघडलाय, असं वाटू लागतं.

ही ‘स्नॉट-२२’ प्रश्नावली, १२ आठवड्यांहून जास्त रेंगाळणाऱ्या सायनसच्या दुखण्यासाठी. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ११०. उपचारांनंतर बेरीज साधारण ९ने उतरली, तर पेशंटला खरोखर फरक पडला असं धरतात.

मेख अशी, की यातले बरेच प्रश्न नाकाचे नाहीतच. ते झोपेचे, थकव्याचे, चिडचिडीचे आहेत. स्लीप अ‍ॅप्नियातही नेमकं हेच होतं. झोपेत घसा मिटतो, श्वास १० सेकंद किंवा जास्त अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू खडबडून जागा होतो. तीव्र आजारात श्वास असा तासाला ३० किंवा अधिक वेळा अडखळतो. सकाळी यातलं काही आठवत नाही, अंग मात्र आंबलेलं असतं. त्यामुळे सायनस ठणठणीत असूनही बेरीज फुगते.

म्हणून नुसती बेरीज बघू नये, गुण कुठे पडलेत ते बघावं. सतत नाक शिंकरावं लागणं, घट्ट शेंबूड, वास न येणं या ओळींत ० किंवा १ आणि झोपेच्या ओळींत ४-५ असतील, तर सायनसच्या ऑपरेशनचा विचार करण्याआधी झोपेची तपासणी करायला हवी. दोन्ही आजार एकत्रही असतात. तेव्हा नाक मोकळं झालं तरी थकवा पूर्ण जात नाही.

झोपेसाठी वेगळी प्रश्नावली आहे. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१मध्ये मांडलेली एपवर्थ. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता किती, त्याला ० ते ३ गुण. बेरीज १०च्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. त्यात दुपारी आडवं पडल्यावर डोळा लागतो का, असाही प्रश्न आहे. वामकुक्षीची सवय असलेला माणूस तिथे सहज ३ लिहील, त्यात आजार काही नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा प्रश्न: गाडी ट्रॅफिकमध्ये थांबली की डुलकी लागते का? नवरा ० लिहितो आणि शेजारून बायको म्हणते, “अहो, परवा सिग्नलला मागचे हॉर्न वाजवत होते, तेव्हा मीच हलवलं ना तुम्हाला?”

स्लीप अ‍ॅप्नियाचा अंदाज घेणाऱ्या ‘स्टॉप-बँग’ या तिसऱ्या प्रश्नावलीत तर थेट विचारलंय, झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? झोपलेल्या माणसाला हे कसं कळणार? तपासणीला जाताना घरातलं जे रात्री जवळ झोपतं, त्याला सोबत घेऊन जा.