डाळ बंद करायचा सल्ला आला कुठून?

आत्याच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वर्षभरात कोपरापर्यंत सरकायला लागल्या. उजव्या हातातल्या, कारण डावा फिश्चुलासाठी, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला जोडलेल्या रक्तवाहिनीसाठी, मोकळा ठेवलेला होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. काट्यावर वजन तेवढंच भरत होतं आणि किडनीचं काम बघायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन उतरलं म्हणून आम्ही सगळे खूश होतो. पण क्रिएटिनिन तयार होतं तेच मुळी स्नायूंतून. स्नायू झिजले की तेही उतरतं. आणि वजन भरत होतं ते अंगात साठलेल्या पाण्यानं. हे मला फार उशिरा कळलं.

घरात पथ्य एकच, डाळ बंद. "वरण खाऊ नका माय, किडनीवर ताण येतो," असं डायलिसिसला येणाऱ्या एका बाईंनी तिला सांगितलं होतं. सल्ला खोटा नाही, पण तो डायलिसिस सुरू न झालेल्या पेशंटसाठी होता.

हा सल्ला जुना आहे. १९६३ मध्ये इटलीत डॉक्टर जिओर्दानो यांनी आणि पुढच्याच वर्षी जिओव्हानेट्टी व मॅज्जोरे यांनी किडनी निकामी झालेल्या पेशंटना दिवसाला जेमतेम २० ग्रॅम प्रथिनांचा आहार दिला. मळमळ, उलट्या कमी झाल्या. अमेरिकेत डॉक्टर स्क्रिबनर यांनी सिएटलमध्ये कायमचं डायलिसिस शक्य करून दाखवलं ते १९६० मध्ये, पण यंत्रं मोजकी होती. ज्याच्या वाट्याला यंत्र नाही, त्याला जगवायला हातात फक्त जेवण होतं.

डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो. रक्तातल्या घाणीबरोबर दर वेळी काही ग्रॅम अमिनो आम्लंही, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटकही, वाहून जातात. म्हणून २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना डायलिसिसवरच्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सांगतात. डायलिसिस नसलेल्या आणि मधुमेह नसलेल्या पेशंटला साधारण त्याच्या निम्मी. म्हणजे डायलिसिसवरच्या पन्नास किलोच्या बाईला रोज पन्नास-साठ ग्रॅम. आत्या भाकरी आणि दुधी भोपळ्याच्या भाजीवर होती.

पण नुसतं खाणं कमी पडलं म्हणून अंग वाळत नाही. किडनी आम्ल बाहेर टाकेनाशी झाली की रक्तात आम्लता वाढते. अमेरिकेत विल्यम मिच आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिलं, की ही आम्लताच स्नायूंची मोडतोड वाढवते. पेशी नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाची खूण लावते आणि खूण लागलेलं प्रथिन तोडलं जातं. या यंत्रणेच्या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. किडनीच्या आजारात हीच यंत्रणा जादा वेगानं चालते. शरीरात आतल्या आत सतत चालणारा दाह (इन्फ्लमेशन) आणि इन्सुलिनला न जुमानणारे स्नायू त्यात भर घालतात. ब्रिटनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या घेणाऱ्यांची किडनी हळू बिघडली आणि दंडाचे स्नायूही जास्त टिकले. इतकी स्वस्त गोळी! तरी ती मनानं घेऊ नये, तिच्यात सोडियम असतं.

म्हातारपणी स्नायू झिजण्याला 'सार्कोपेनिया' हे नाव १९८९ मध्ये अमेरिकी संशोधक रोझेनबर्ग यांनी दिलं. किडनीच्या पेशंटची झीज वेगळी मोजावी असं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं ठरवलं ते २००८ मध्ये.

मराठवाड्यात डायलिसिस गोरगरिबांच्या आवाक्यात आलं ते त्यानंतर. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्याकडचं नांदेड होतं. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. यंत्र आलं, सुया आल्या. पण ताटात काय वाढायचं हे सांगणारं माणूस आत्याला दोन वर्षांत एकदाही भेटलं नाही. त्यात घर माळकरी, अंड्याचं नाव काढायची सोय नाही. डाळीत पोटॅशियम, दुधात फॉस्फरस, आणि निकामी किडनीला दोन्ही नीट बाहेर टाकता येत नाहीत. मग वरण किती, दही किती, पनीर चालेल का, हे रक्ताचा रिपोर्ट बघूनच ठरवावं लागतं.

शेवटी दुसऱ्या गावच्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. २०१९ च्या आशियाई निकषांनुसार त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शरीराची कार्यक्षमता कमी धरतात. आत्या तिसऱ्यांदा उठताना थांबली आणि माझा हात धरला.