इंग्लंडमधील कंट्री हाउस : वैभवामागचा ताळेबंद

इंग्लंडमधील कंट्री हाउस, म्हणजे जमीनदार घराण्यांचे ग्रामीण भागातले भव्य वाडे, म्हटले की एडवर्ड सातव्याचा काळ (१९०१–१९१०) डोळ्यांपुढे येतो : शनिवारी येणारे पाहुणे, तितरांची शिकार आणि दिवसातून चार वेळा बदलले जाणारे पोशाख. पहिल्या महायुद्धाने हे वैभव बुडवले असे सर्रास लिहिले जाते, पण ते अर्धेच खरे आहे.

ही घरे कुळांकडून येणाऱ्या खंडावर चालत. १८७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्वस्त गहू आगबोटींतून येऊ लागला, धान्याचे भाव कोसळले आणि त्यापाठोपाठ खंडही उतरला. १८९४ मध्ये मृताच्या मालमत्तेवर नवा वारसा कर बसला. त्याचा कमाल दर तेव्हा ८ टक्के होता, तो १९१९ मध्ये ४० टक्क्यांवर गेला. काहींनी श्रीमंत अमेरिकन सासुरवाडी गाठली : ब्लेनिम राजवाड्याची डागडुजी १८९५ मध्ये आलेल्या व्हँडरबिल्ट घराण्याच्या सुनेच्या पैशातून झाली.

खरे घर मात्र मागच्या बाजूला होते. कॉर्नवॉलमधील लॅनहायड्रॉक १८८१ च्या आगीनंतर नव्याने बांधताना भांडी घासणे, पाव भाजणे, पेस्ट्री आणि दूधदुभते यांसाठी वेगवेगळ्या खोल्या काढण्यात आल्या. दुधाच्या खोलीत टेकडीवरच्या झऱ्याचे पाणी खेळवून ओटा गार ठेवला जाई. अशा घरांत मोलकरणी पहाटे उठून शेगड्यांतली राख काढत आणि गरम पाण्याचे जड डबे जिन्यावरून शयनगृहांपर्यंत वाहून नेत. नोकरांतही पायऱ्या होत्या : हाउसकीपर अविवाहित असली तरी तिला 'मिसेस' म्हणत, आणि अनेक घरांत मुख्य जेवण आटोपले की वरिष्ठ नोकर गोड पदार्थ खायला तिच्या खोलीत निघून जात.

१९११ मध्ये बारा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय विमा कायद्याने मालकिणींवर नोकरांच्या विमा कार्डांना हप्त्याची तिकिटे चिकटवण्याची वेळ आणली, तेव्हा लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये निषेधसभा भरली (रागाचे कारण पैशापेक्षा मानाचे असावे, असे वाटते). युद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांनी याच मुलींना जास्त मजुरी आणि मोकळी संध्याकाळ दिली. त्यांतल्या अनेकींना पुन्हा घरकामाकडे वळावेसे वाटले नाही.

लॅनहायड्रॉकचा थोरला मुलगा, खासदार टॉमी अगार-रोबार्टिस, १९१५ मध्ये फ्रान्समधील लूसच्या लढाईत कामी आला. १९५३ मध्ये त्याच्या भावाने ते घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जतन करणाऱ्या संस्थेकडे सोपवले.