एल्फ्रिकचे ईस्टर प्रवचन आणि त्यावरचा वाद: पार्श्वभूमी

इंग्लंडमधील एन्शमच्या मठाचा मठाधिपती एल्फ्रिक हा जुन्या (अँग्लो-सॅक्सन) इंग्रजीतला सर्वांत शिस्तशीर गद्यलेखक मानला जातो. तरी त्याचे लेखन प्रथम छापले गेले ते गद्याच्या गुणांमुळे नव्हे, तर सोळाव्या शतकातल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मकलहामुळे. विंचेस्टरला शिकलेला हा बेनेडिक्टाइन पंथातला साधू 987 च्या सुमारास सर्नच्या मठात गेला, तेथे त्याने प्रवचनांच्या दोन माला, संतचरित्रे आणि इंग्रजीतून लॅटिन शिकवणारे व्याकरण लिहिले, आणि 1005 मध्ये तो एन्शमचा मठाधिपती झाला.

दुसऱ्या मालेतील ईस्टरच्या प्रवचनात, उपासनेत वेदीवर अर्पण होणारी भाकर आणि द्राक्षारस ही ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात ती आध्यात्मिक अर्थाने, देहरूपाने नव्हे, अशी मांडणी आहे. तिचा आधार नवव्या शतकातील कॉर्बीच्या एका साधूचा लॅटिन ग्रंथ. रोमची शिकवण मात्र ती खरोखरच शरीर व रक्त होतात अशी होती, आणि तिच्याविरुद्ध रोमपासून फुटलेल्या इंग्लंडच्या चर्चला असाच जुना आणि घरचा साक्षीदार हवा होता. म्हणून 1566 च्या सुमारास कँटरबरीच्या तत्कालीन आर्चबिशपांच्या पुढाकाराने, अँग्लो-सॅक्सन अक्षरांचे खास खिळे पाडून आणि बिशपांच्या सह्या जोडून हे प्रवचन प्रसिद्ध करण्यात आले.

अडचण अशी की त्याच प्रवचनात एक चमत्कारकथाही आहे. वेदीवर बालक पडले आहे, धर्मगुरू भाकर मोडताच देवदूत सुरीने त्या बालकाचे तुकडे करतो आणि रक्त प्याल्यात ओततो, असे दोन साधूंना दिसते; म्हणजे ही कथा उलट देहरूपाच्याच बाजूने बोलते. संपादकांनी ही कथा गाळली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. पण ती मागाहून घुसडलेली दिसते, असा शेरा समासात मारला. हस्तलिखितांत ती प्रवचनाचाच भाग आहे. उलट, वुस्टरच्या एका हस्तलिखितात एल्फ्रिकच्या लॅटिन पत्रातील याच विषयावरच्या ओळी खरवडलेल्या सापडल्या, तेव्हा त्या एक्सेटरच्या प्रतीवरून भरून काढताना हा प्रतिपक्षाचाच, म्हणजे रोमच्या बाजूच्यांचाच, उद्योग, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गैरसोयीचा मजकूर कोणी खरवडला आणि कोणी समासात झटकला, एवढाच काय तो फरक.

पुढे व्याकरण 1659 मध्ये ऑक्सफर्डला एका शब्दकोशाला जोडून छापले गेले. लेखक नेमका कोण, हा घोळ मात्र चालूच राहिला: काहींनी त्याला याच नावाचा कँटरबरीचा आर्चबिशप ठरवले, काहींनी यॉर्कचा, कारण साध्या साधूपेक्षा आर्चबिशपाची साक्ष वजनदार. तिन्ही व्यक्ती वेगळ्या असल्याचे एका जर्मन अभ्यासकाने 1850 च्या दशकात सप्रमाण दाखवून दिले.