एका ‘अति’चा घोळ: अतिवास्तववाद आणि हायपररिअ‍ॅलिझम

दिवाळीत सांगलीत रांगोळीचं प्रदर्शन लागलं की मी चित्रकलेच्या मुलांना घेऊन जातो. मागच्या वर्षी एका रांगोळीपुढची गर्दी हटत नव्हती. म्हातारीचा चेहरा होता. कपाळावरच्या आठ्या, विटलेल्या पदराचा काठ आणि डोळ्याच्या कडेला थांबलेला पाण्याचा एक थेंब. त्या थेंबात समोरच्या खिडकीचा उजेड चौकोनी पडला होता. जवळ वाकून बघितलं तर तो उजेड म्हणजे नुसती चिमूटभर पांढरी रांगोळी. मागून कुणीतरी म्हणालं, “फोटोच वाटतोय की हो!” माझी एक विद्यार्थिनी मात्र मान हलवून म्हणाली, “सर, हा तर अतिवास्तववादच झाला की.”

तिचा दोष नाही. मराठी शब्दच असा आहे की कुणीही फसावं. वास्तव म्हणजे खरं, अतिवास्तव म्हणजे फारच खरं, असा सरळ अर्थ लागतो. त्या रांगोळीला लावायचा शब्द खरं तर हायपररिअ‍ॅलिझम आणि आपल्याकडे अतिवास्तववाद म्हणतात तो सर्रिअ‍ॅलिझमला. दोन्हीत वास्तव आहे, दोन्हीत ‘अति’ आहे, पण ते ‘अति’ एक नाही. अतिवृष्टीतलं ‘अति’ म्हणजे प्रमाणाबाहेर. अतींद्रियातलं ‘अति’ म्हणजे पलीकडचं. फ्रेंच ‘सुर’ या उपसर्गाचा अर्थ ‘वर’, ‘पलीकडे’ असा आहे. म्हणजे अतिवास्तववादातलं ‘अति’ अतींद्रियातलं. रांगोळीतलं ‘अति’ अतिवृष्टीतलं. एवढं ध्यानात राहिलं तरी निम्मा घोळ मिटतो.

उरलेला निम्मा शब्दांचा नाही, डोळ्यांचा आहे. त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

‘सर्रिअ‍ॅलिस्ट’ हा शब्द कवी गियोम अपोलिनेरने 1917 मध्ये वापरला, पण त्याची चळवळ केली ती आंद्रे ब्रेतोंने. 1924 मध्ये पॅरिसात त्याने जाहीरनामा काढला. ब्रेतों वैद्यकशास्त्र शिकत होता. पहिल्या महायुद्धात त्याने मनोविकाराच्या रुग्णालयात काम केलं, तिथे युद्धाने मोडलेल्या सैनिकांची बडबड ऐकली आणि मनोविश्लेषक फ्रॉइडचे विचार त्याच्यापर्यंत पोचले. ज्या शहाण्यासुरत्या युरोपने लाखो पोरं खंदकात मारली, त्याच्या शहाणपणावर त्याचा भरवसा उरला नव्हता. स्वप्नात, नकळत तोंडून गेलेल्या शब्दात, योगायोगात मनाचा जो भाग बोलतो तो ऐकायचा, हा त्याचा आग्रह. तेव्हा ही केवळ चित्रांची शैली नव्हती. कवींनी सुरू केलेला तो मनाचा शोध होता, चित्रकार त्यात मागून आले.

आले तेही दोन वाटांनी. एक वाट हाताला मोकळं सोडायची. माक्स एर्न्स्टने 1925 मध्ये जुन्या लाकडी फरशीवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि लाकडाच्या रेषांतून उमटलेल्या आकारांत त्याला जंगलं, पक्षी, पशू दिसू लागले. आपण लहानपणी नाण्यावर कागद धरून शिसपेन्सिल घासायचो, तीच युक्ती. फरक इतकाच की आपल्याला नाणं हवं असायचं, एर्न्स्टला फरशी नको होती. तिच्यातून काय वर येतं ते बघायचं होतं. या वाटेवरची चित्रं बघून कुणी ‘हुबेहूब’ म्हणणार नाही.

घोटाळा होतो दुसऱ्या वाटेवर. साल्वादोर दालीचं 1931 चं वितळलेल्या घड्याळांचं चित्र छापील स्वरूपात कुठे ना कुठे आपण पाहिलेलं असतं. मूळ चित्र अवघं 24 बाय 33 सेंटिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाहून जेमतेम मोठं. मागचे डोंगरकडे दालीच्या ओळखीच्या, स्पेनमधल्या कातालान किनाऱ्यावरचे, उन्हाचा रंग अगदी नेमका, घड्याळांच्या कडांवर धातूची चकाकी. एक घड्याळ फांदीवर धुतलेल्या कपड्यासारखं लोंबतंय. न वितळलेलं घड्याळ एकच आहे, तेही पालथं पडलेलं आणि त्याच्यावर मुंग्या जमल्या आहेत, जणू ते आंब्याची कोय आहे. आपल्या चित्रांना दाली हाताने रंगवलेली स्वप्नांची छायाचित्रं म्हणायचा. हात फोटोचा, माल स्वप्नाचा. म्हणूनच नुसत्या सफाईवरून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत आणि माझ्या विद्यार्थिनीची गफलत दिसते तितकी भाबडी नाही.

हायपररिअ‍ॅलिझमचं घराणं निराळं. त्याचं मूळ 1960 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रुजलेल्या फोटोरिअ‍ॅलिझममध्ये आहे. चक क्लोजने 1967-68 मध्ये केलेलं स्वतःचं व्यक्तिचित्र सुमारे नऊ फूट उंच आहे. फोटोवर चौकोन पाडायचे, तसेच मोठे चौकोन कॅनव्हासवर पाडायचे आणि एकेक चौकोन भरत जायचं. आपल्याकडचे सिनेमाचे बॅनर रंगवणारे पेंटर ग्राफ मारून हेच करत. क्लोजने एअरब्रशने पातळ काळा रंग मारला, आणि कॅमेऱ्याचा फोकस जिथे सुटला होता तिथे चित्रही धूसर ठेवलं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. माणसाच्या डोळ्याला समोरचा चेहरा असा अर्धा स्पष्ट, अर्धा पुसट दिसत नाही. क्लोज चेहरा रंगवत नव्हता, चेहऱ्याचा फोटो रंगवत होता. कॅमेरा कसा बघतो आणि त्या बघण्यावर आपण किती डोळे मिटून विश्वास ठेवतो, हा त्याचा प्रश्न. स्वप्नाशी, फ्रॉइडशी त्याचा संबंध नाही.

म्हणून मी मुलांना सांगतो, चित्र किती खरं दिसतंय हे मोजू नका, ते कुठून आलंय ते विचारा. समोर ठेवलेल्या फोटोतून, की मनाच्या तळातून? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांतला आपला स्थिरचित्राचा सराव हायपररिअ‍ॅलिझमच्या जवळ नेतो: तांब्याची चकाकी, वांग्याच्या देठाची सावली. अतिवास्तववादाकडे जायला तोच तांब्या चालतो, पण तो भलत्या जागी न्यावा लागतो. मेरेट ओपेनहाइमने 1936 मध्ये साधी कपबशी आणि चमचा घेऊन त्यांवर हरणाची केसाळ कातडी चढवली. बस्स, एवढंच. बशीत ओतून चहा पिणाऱ्या आपल्या माणसाने ती बशी नुसती ओठाशी नेल्याची कल्पना करावी, अंगावर काटा येतो. कौशल्याचा तिथे सवाल नाही. रोजची वस्तू अचानक परकी झाली, आणि ती परकी होताना आपल्याच आत काहीतरी हललं.

आजच्या कलावंतांत अतिवास्तववाद उरलाय तो याच रीतीने, दालीच्या मिशा आणि घड्याळं घेऊन नव्हे. भारती खेर यांनी 2006 मध्ये जमिनीवर कोसळलेली फायबरग्लासची हत्तीण केली आणि तिचं अख्खं अंग टिकल्यांनी मढवलं. टिकली आपल्या आरशावर चिकटलेली असते, हत्ती आपल्या देवळापाशी असतो. दोन्ही घरचे, पण एकत्र आले की पोटात कालवतं. ओपेनहाइमच्या कपबशीपासून इथपर्यंत वाट सरळ येते. बंगालचे विकास भट्टाचार्य तर दोन्ही घराण्यांचे वारस वाटतात. हात इतका वास्तववादी की कापडाची घडी मोजता यावी, आणि 1970 च्या दशकातल्या त्यांच्या बाहुल्यांच्या चित्रांत मात्र बाहुली माणसापेक्षा जास्त जिवंत आणि जास्त घाबरलेली. आपले प्रभाकर बरवे यांना मी कुठल्याच वादात बसवणार नाही, पण त्यांच्या कॅनव्हासवर घड्याळ आणि झाडाचं पान वजन नसल्यासारखी एकमेकांशेजारी राहतात, ते बघताना हा वारसा आठवतोच.

सीमारेषेवर उभी असलेली कामंही आहेत. रॉन म्यूकने 1996-97 मध्ये आपल्या मृत वडिलांचं शिल्प केलं. कातडी, केस, नखं, सगळं इतकं खरं की बघणाऱ्याने आवाज खाली आणावा. पण देह सुमारे एक मीटरचाच. नजर म्हणते हे खरं आहे, माप म्हणतं अशक्य आहे. याला हायपररिअ‍ॅलिझम म्हणतात आणि ते बरोबरच आहे. तरी मुलगा होऊन बापाच्या देहाकडे बघण्याचा जो अनुभव त्या लहानशा मापात उतरलाय, तो फोटोतून येणारा नव्हे.

या सगळ्यासाठी लंडन-पॅरिसलाच जावं लागतं असंही नाही. सातारा जिल्ह्यात औंधला यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत भवानी संग्रहालय लागतं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी ते उभारलं. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मूल हे दगडी शिल्पही आहे. मूर 1936 च्या लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनाच्या समितीत होता, त्यात त्याची शिल्पंही होती. मुलं रविवर्म्यापुढे वीस मिनिटं रमतात, साडीची जर बघतात. मूरपुढून पटकन निघतात, कारण त्यात डोळे-नाक शोधून सापडत नाही. मी त्यांना परत बोलावतो. चेहरा पुसला तरी बिलगणं कसं उरलंय ते बघा म्हणतो. सगळ्यांना दिसत नाही, एखाद-दुसऱ्याला दिसतं.

रांगोळीपुढे चुकलेल्या त्या मुलीने नंतर एक चित्र आणून दाखवलं. जुन्या घरातला लाकडी जिना पाण्यात उतरत गेलेला. प्रत्येक पायरीवर चपलांचा एक जोड नीट मांडलेला, मोठ्यापासून लहानापर्यंत. सगळ्यात खालचा, लहान मुलाचा, निम्मा पाण्याखाली. पाणी इतकं नेमकं की गढूळ तवंगावर जिन्याच्या कठड्याची मोडकी सावली हलतेय असं वाटावं. 2019 च्या महापुरात तिच्या घरात पाणी शिरलं होतं हे मला माहीत होतं. घरोघरी मोबाइलमध्ये त्या दिवसांचे फोटो असतातच, म्हणून मी विचारलं, “पाणी कुठल्या फोटोवरून घेतलंस?”

“फोटो नाही सर,” ती म्हणाली. “पाणी चढायच्या आधीच आम्हाला मामाकडे नेलं होतं. मी ते बघितलंच नाही.”