मोटरचे अँप आणि बॅटरीचे अँप: स्केटबोर्ड साताऱ्यात चालवायचा का सांगलीत?

घरी इलेक्ट्रिक स्केटबोर्ड बनवायला घेतलेल्या पोरांचा ठरलेला प्रश्न असतो, दादा कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये दोन ठिकाणी अँप विचारतंय, एक मोटर करंट मॅक्स आणि एक बॅटरी करंट मॅक्स, मग दोन्हीकडं ४०-४० टाकू का? नको टाकू. दोन्हीचं युनिट एकच आहे म्हणून ती एकच गोष्ट वाटते, पण एक आकडा बोर्ड ढकलायची ताकद ठरवतो आणि दुसरा बॅटरीतून किती पॉवर खेचायची ते ठरवतो, आणि हे दोन एकमेकांच्या जागी टाकले तर बोर्ड एक तर चढावर उभा राहतो नायतर बॅटरीची वाट लागते.

घोळ होतो यात नवल काहीच नाही. आपल्याकडं अँप हा शब्द पहिल्यांदा कानावर येतो तो मळ्यातल्या पॅनलवर. ५ एचपीची थ्री फेज मोटर, मीटरचा काटा साडेसातच्या आसपास, काटा वर गेला म्हणजे पंप जाम झाला नायतर एखादा फेज गेला, आणि वेळेत बघितलं नाही की मोटर रिवायंडिंगला. तिथं लाइनमधून जेवढे अँप येतात तेवढेच मोटरमध्ये जातात, कारण मधी नुसता स्टार्टर आहे आणि त्याचं काम जोडायचं आणि तोडायचं एवढंच. स्केटबोर्डमध्ये मधी कंट्रोलर बसतो आणि तिथंच हिशोब फिरतो.

कंट्रोलर काय करतो तर बॅटरीचा व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला त्या स्पीडला लागेल तेवढाच सरासरी व्होल्टेज देतो. चालू असतो तेव्हा करंट बॅटरीतून येतो, पण बंद झाल्यावर वायंडिंगमधला करंट लगेच थांबत नाही, शेवटी कॉइलच ती, तो करंट मॉस्फेटमधून (कंट्रोलरमधले चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) आतल्या आत फिरत राहतो आणि तेवढ्या वेळात बॅटरीतून काहीच जात नाही. म्हणून मोटरमधून सलग ४० अँप वाहत असताना बॅटरीतून सरासरी १५ च जात असतील असं अगदी रोज होतं. पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच घेतल्या की नोटा वाढतात, पैसे तेवढेच राहतात, तसा कंट्रोलर व्होल्ट मोडून अँप देतो. ढोबळ सूत्र असं, की बॅटरी अँप म्हणजे मोटर अँप गुणिले ड्युटी, आणि ड्युटी म्हणजे चालू-बंदमधला चालूचा वाटा. बोर्ड हळू तर ड्युटी कमी, बोर्ड फुल स्पीडला तर ड्युटी शंभर टक्क्यांजवळ आणि तिथं दोन्ही अँप जवळजवळ सारखे होतात.

आता खरा बोर्ड घेऊ. एकच मोटर, ६३७४ साइजची (६३ मिलिमीटर व्यास, ७४ लांबी), १९० केव्ही. (केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, बिनलोडची मोटर एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे मारते तो आकडा.) मोटरवर १५ दात्यांची पुली, चाकावर ३६ दात्यांची, म्हणजे गिअर २.४. चाक ९० मिलिमीटरचं. बॅटरी १०एस, म्हणजे दहा सेल सिरीजमध्ये, नॉमिनल ३६ व्होल्ट, फुल चार्जला ४२. माणूस आणि बोर्ड मिळून ८५ किलो. १९० गुणिले ३६ म्हणजे ६८४० फेरे, भागिले २.४, चाकाच्या घेराने गुणलं की कागदावर ताशी ४८ किलोमीटर येतात, प्रत्यक्षात ४० च्या आसपास धरा.

हा बोर्ड आधी साताऱ्यात. यवतेश्वरचा घाट म्हणा नायतर अजिंक्यताऱ्याचा रस्ता, समजा १० टक्के चढ आणि स्पीड ताशी १५. (सप्टेंबरात कासची फुलं बघायला अख्खा महाराष्ट्र त्या घाटातून वर जातो, तेव्हा तिथं बोर्ड घेऊन जायचं नाही, उदाहरण म्हणून घेतलाय.) चढ आणि रस्त्याचं घर्षण मिळून बोर्डला मागून साधारण १०० न्यूटन जोर लागतो. १९० केव्हीची मोटर एका अँपला साधारण ०.०५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देते, हा आकडा ९.५५ भागिले केव्ही असा काढतात. सगळं उलटं मोजत आलं की मोटरमध्ये ३७ अँप लागतात. पॉवर मात्र बघा, १०० न्यूटन गुणिले सेकंदाला ४.२ मीटर म्हणजे ४२० वॉट, त्यात बेल्ट, मोटर आणि कंट्रोलरचा लॉस धरून ५५०, भागिले ३६, म्हणजे बॅटरीतून १५ अँप.

आता तोच बोर्ड सांगलीत, विश्रामबागेहून मिरजेकडं, रस्ता सपाट, स्पीड ताशी ३५. (ट्रॅफिक नाही असं समजू, तेवढं समजावंच लागतं.) इथं चढ नाही पण हवा आडवी येते, घर्षण धरून ५० न्यूटनच्या आत-बाहेर जोर लागतो. मोटरमध्ये १८ अँप. बॅटरीतून १६ ते १७.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून जरा बघा. बॅटरीला साताऱ्यात १५ आणि सांगलीत १६, म्हणजे तिला फरकच कळला नाही. मोटरला मात्र साताऱ्यात सांगलीच्या दुप्पट अँप, आणि वायंडिंगमधली उष्णता अँपच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. वर आणखी चढावर मोटर हळू फिरत असल्यामुळे वारा पण कमी लागतो. तेव्हा तुम्ही सांगलीकर असाल तर मोटरची काळजी फार करू नका, पैसा बॅटरीत घाला, आणि सातारकर असाल तर आधी मोटर आणि गिअर नीट निवडा. 'अमक्या दुकानातला किट भारी आहे' असं कोणी म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, भारी कुठं?

गिअरचा विषय इथंच येतो. पुली बदलून १२-३६ केली, गिअर झाला ३. साताऱ्याच्या त्याच चढाला त्याच स्पीडला मोटरचे अँप ३७ वरून ३० वर आले आणि बॅटरीचे १५ ते १५ च राहिले (मोटर कमी तापल्यामुळं जो एखादा अँप वाचेल तो वेगळा). गिअर बॅटरीला दिसतच नाही म्हणा ना. ८५ किलो त्या चढावर त्या स्पीडने न्यायला जेवढी पॉवर लागते तेवढी लागतेच, गिअर फक्त एवढं ठरवतो की ती पॉवर काढताना मोटरने किती अँप सोसायचे. मोबदल्यात कागदावरचा टॉप स्पीड ४८ वरून ३८-३९ वर येतो, आणि साताऱ्यात तसाही तेवढा स्पीड कुठं मारणार राव. फक्त १२ दात्यांच्या पुलीवर बेल्टचे दाते कमी धरतात आणि ब्रेक मारताना बेल्ट उडी मारतो, म्हणून मी १५ तशीच ठेवून चाकाकडची पुली मोठी करायला सांगतो. ५ मिलिमीटर पिचची ४४ दात्यांची पुली ७० मिलिमीटर व्यासाची होते, ९० च्या चाकाखाली रस्त्यापासून १० मिलिमीटर उरतात, त्याच्या वर गेलं की पुली स्पीड ब्रेकरला घासायची.

केव्हीबद्दल एक गैरसमज असा आहे की कमी केव्हीची मोटर घेतली की चढाचा प्रश्न मिटला. अर्धंच खरं आहे. कमी केव्हीची मोटर एका अँपला जास्त टॉर्क देते हे बरोबर, पण ते वायंडिंगला जास्त आटे आणि बारीक तार असल्यामुळं, आणि बारीक तारेचा रेझिस्टन्स जास्त. साइज तीच असेल तर तेवढ्याच टॉर्कला उष्णता जवळपास तेवढीच होते, फुकट काही मिळत नाही. खरा फरक पडतो तो मोटर मोठी घेतल्याने, गिअर वाढवल्याने नायतर दोन मोटरी लावल्याने. दोन लावल्या की चढावर प्रत्येकीला १८-१९ अँप, प्रत्येकीची उष्णता एक चतुर्थांश. साताऱ्याला दोन मोटरी हा शौक नाही, गरज आहे असं माझं मत, सांगलीत एकीवर भागतंय.

आणि चाकं. रस्ते बघून सगळ्यांना सहा इंची हवेची चाकं लावायची हौस येते, बरोबरही आहे, पण ९० चं चाक काढून १५० चं लावलं आणि गिअर तोच २.४ ठेवला तर त्याच चढाला मोटरला ३७ च्या जागी ६२ अँप लागतात. चाक वाढवलं तर त्याच प्रमाणात गिअर ४ च्या आसपास न्यायचा, नायतर मोटर तापून साध्या ग्रेडच्या निओडिमियम मॅग्नेटची ताकद ८० डिग्रीच्या पुढं उतरायला लागते आणि ती परत येत नाही.

आता सेटिंग. मोटर लिमिट लागलं तर जोर संपतो, बॅटरी लिमिट लागलं तर स्पीड संपतो. समजा कोणी घाबरून मोटर करंट २० टाकला आणि बॅटरी भारीतली आहे म्हणून बॅटरी करंट ६० टाकला. २० अँपला हा बोर्ड ५४ न्यूटनच जोर काढतो, चढाला लागतात १००, तेव्हा बॅटरीत ६० काय ६०० अँप असले तरी बोर्ड जागचा हलत नाही. उलटं बघा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यांमधून काढलेले १८६५० सेल, चांगले निघालेले, सेलमागे ४ अँपच्या वर मी काढणार नाही, त्यांचा १०एस४पी (दहा सिरीजमध्ये, चार पॅरलल) पॅक केला म्हणजे एकूण १६ अँप. बॅटरी करंट १५ ठेवला आणि मोटर करंट ५०. हा गरिबाचा पॅक तोच चढ ताशी १४-१५ ने चढतो, आणि चढ आणखी तीव्र झाला तर हळू होतो पण मोटरचे ५० अँप पुरतात तोवर थांबत नाही, कारण स्पीड उतरला की ड्युटी उतरते आणि तेवढ्याच १५ अँपमध्ये मोटरला जास्त अँप मिळतात. सेल कमजोर आहेत म्हणून मोटर करंट पण कमी ठेवणारे फार भेटतात, त्यात बॅटरी काहीच वाचत नाही.

नवीन सेल घेणार असाल तर सॅमसंगचा ३०क्यू हा ३००० मिलीअँप अवरचा, १५ अँपचा सेल, १०एसमध्ये तीन पॅरलल लावले की ४५ अँप आणि ३२४ वॉट अवर. वरच्या हिशोबाने सांगलीत सपाटीला किलोमीटरला १७ वॉट अवर जातात आणि साताऱ्यात चढाला ३७, पूर्ण रिकामी करायची नाही हे धरलं तर एकीकडं १५-१६ किलोमीटर, दुसरीकडं सात. सेल जोडायच्या स्पॉट वेल्डिंगला शुद्ध निकेलचीच पट्टी घ्या, निकेल चढवलेली लोखंडी पट्टी सर्रास विकतात, तिच्यावर ओरखडा ओढून रात्रभर मिठाच्या पाण्यात टाकली की गंज येतो. पट्टी, बॅटरीची वायर, एक्सटी६० का एक्सटी९० कनेक्टर हे सगळं बॅटरी अँप बघून निवडायचं. मोटरच्या तीन फेज वायर आणि त्यांचे बुलेट कनेक्टर मोटर अँप बघून. बॅटरीकडं जाड वायर आणि मोटरकडं जी घरात पडलीय ती, असले बोर्ड मी बघितलेत.

बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं आणि मर्यादा ओलांडली की ती तोडणारं सर्किट) फक्त बॅटरी अँप बघतो. ३० चा बीएमएस असेल तर बॅटरी करंट २५ च ठेवा, कारण कंट्रोलर हळूच आवरतो आणि बीएमएस एकदम तोडतो, आणि चालत्या बोर्डवर एकदम तोडणं म्हणजे तोंडावर पडणं. दोन मोटरी असतील तर आणखी एक भानगड, व्हीईएससीमध्ये (बेंजामिन वेडर नावाच्या स्वीडिश माणसाने काढलेला ओपन सोर्स कंट्रोलर, आता सगळे बहुतेक त्याचंच काहीतरी वापरतात) हे आकडे एका कंट्रोलरपुरते असतात, दोन्हीत बॅटरी करंट ३० टाकला की पॅकमधून ६० निघू शकतात.

ब्रेकला पण हीच जोडी उलट्या दिशेनं, मोटर ब्रेक करंट आणि बॅटरी रीजन करंट (ब्रेक मारताना मोटर जनरेटर होऊन बॅटरीत परत पाठवते तो). ब्रेकचा जोर पहिला ठरवतो, दुसरा ठरवतो बॅटरीत परत किती कोंबायचं. ३०क्यूला चार्जिंगला जास्तीत जास्त ४ अँप चालतात, तीन पॅरलल म्हणजे १२, तेव्हा रीजन १० वर ठेवा. सांगलीत हे विसरलात तरी एक वेळ चालेल. साताऱ्यात वरच्या अंगाला राहणाऱ्याने मात्र फुल चार्ज करून थेट उताराला बोर्ड सोडायचा नाही, भरलेल्या बॅटरीत आणखी करंट जायला जागा नसते, व्होल्टेज वर गेला की बीएमएस तोडतो आणि भर उतारावर ब्रेक गायब होतात. सेलमागे ४.१ व्होल्टला चार्जिंग थांबवा, १०एसला ४१ होतात, रेंज थोडी कमी मिळेल, आणि पहिला उतार पायाने ब्रेक लावतच उतरा.