एम+एसचा शिक्का आणि हिवाळी टायरची तुलना

डिसेंबरात जळगाव-धुळ्याहून स्वतःच्या गाडीने मनालीला निघणाऱ्यांचा टायरच्या दुकानात एक प्रश्न ठरलेला असतो: एसयूव्हीच्या टायरवर 'एम+एस' छापलंय, म्हणजे बर्फात चालेल ना? दुकानदार 'चालेल' म्हणतो. त्याचं उत्तर धड खोटंही नाही आणि धड खरंही नाही. याचं मूळ खूप दूर, बर्फाळ देशांत आहे.

पहिला हिवाळी, म्हणजे बर्फाळ रस्त्यांसाठीचा टायर 1934 साली फिनलंडमध्ये मालमोटारींसाठी निघाला, कारसाठीचा दोन वर्षांनी आला. पुढे खिळ्यांचे टायर आले. त्यांनी रस्ते उखडले. जपानात तर खिळ्यांनी घासलेल्या रस्त्यांची धूळ एवढी उडू लागली की 1990 मध्ये कायदा करून त्यांना आवर घालावा लागला. मग सगळा भर मऊ रबर आणि नक्षीतल्या बारीक खाचांवर आला.

एम+एस म्हणजे 'मड अँड स्नो', चिखल आणि बर्फ. चिखलात, ताज्या किंवा वितळत्या बर्फात साध्या टायरपेक्षा बरी पकड मिळावी म्हणून ज्याची नक्षी आखली, त्या टायरवर हा शिक्का मारता येतो. आखली एवढंच, पकड खरोखर मिळते का, याची चाचणी देण्याची अट नाही. रुंद खाचा पाडल्या की कंपनी स्वतःच छापू शकते. आपल्याकडे काळ्या मातीच्या गाऱ्यात त्या खाचांचा थोडाफार उपयोग होतोही, पण बर्फाचं काय?

1999 मध्ये अमेरिका-कॅनडात दुसरं चिन्ह आलं, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावर एका ठराविक संदर्भ टायरशी तुलना करून उतरावं लागतं. संदर्भाची पकड 100 धरली तर याची किमान 110 हवी. म्हणजे तुलना आली. पण ती गाडीला वेग देताना चाक किती पकडतं याची. कडक गुळगुळीत बर्फावर ब्रेक कसा लागेल, हे त्यातून कळत नाही.

खरा घोळ जर्मनीत झाला. 2006 मध्ये तिथे नियम आला की टायर 'हवामानाला साजेसे' असावेत. साजेसे म्हणजे कोणते? 2010 मध्ये एका न्यायालयाने हे शब्द मोघम असल्याचं म्हटलं. हिवाळा तोंडावर होता. घाईने नवा नियम झाला आणि हिवाळी टायर म्हणजे एम+एसवाला, असं ठरलं. डोंगर-हिमकणाचं चिन्ह तोवर दशकभर वापरात असूनही बिनचाचणीचा शिक्का निवडला गेला. लोकांकडे आधीच असलेले टायर बाद होऊ नयेत ही अडचण समजू शकते, तरी निर्णय सोयीचाच होता. तो निस्तरायला पुढची चौदा वर्षं गेली: 2018 पासून बनणाऱ्या हिवाळी टायरवर डोंगराचं चिन्ह सक्तीचं झालं आणि जुन्या एम+एसची सवलत सप्टेंबर 2024 अखेर संपली. दरम्यान युरोपात 2012 पासून टायरला लेबल लागलं होतं. इंधन, ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज. मे 2021 पासून त्यात बर्फ आणि गोठलेल्या रस्त्याच्या पकडीच्या खुणा आल्या.

'सात अंशांखाली उन्हाळी टायर (म्हणजे आपला नेहमीचा) निकामी' हे वाक्यही रूढ आहे. ते विक्रेत्यांच्या सोयीचं आहे. थंडीत रबर हळूहळू कडक होतं, एका आकड्यावर नाही. थंड पण कोरड्या रस्त्यावर उन्हाळी टायर अनेकदा कमी अंतरात थांबतो. खानदेशात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो, पण दुपारी ऊन तापतंच. सातपुड्यात तोरणमाळकडची थंडी वेगळी, तरी तिच्यासाठी कोणी टायर बदलत नाही. उलट हिवाळी टायर मे महिन्यात भुसावळच्या 45 अंशांत चालवला तर ते मऊ रबर भराभर झिजेल.

भारतात ऑक्टोबर 2022 पासून नव्या रचनेच्या आणि एप्रिल 2023 पासून आधीच्या टायरना फिरताना होणारा रोध, ओली पकड आणि आवाज या कसोट्या टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. बर्फाची कसोटी त्यात नाही. बर्फ पडला की मनालीच्या पुढे फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. टायरवर काय छापलंय, हे तिथे कोणी वाचत नाही.